झटक्याची चतुःसीमा

"दिव्यानी, तुझं गावात कुणाशी भांडण आहे का?"

रीता मॅडमनी नमस्कार, कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. त्या नागपूरच्या पेटंट एजंट. शोध लावणाऱ्यांचे अर्ज लिहायचे, ते सरकारी कार्यालयात भांडून मंजूर करून घ्यायचे, हा त्यांचा धंदा. त्यामुळे भांडण या विषयाला त्या थेट हात घालत.

दिव्यानीनं आठवून पाहिलं. "नाही मॅडम. म्हणजे शेजारच्या कोंबड्यांवरून थोडं..."

"कोंबड्या मुंबईच्या पेटंट ऑफिसला रजिस्टर पोस्टानं गठ्ठा पाठवत नाहीत. तुझ्या अर्जाला विरोध दाखल झालाय. एकशे बेचाळीस पानं."

दिव्यानी अंगणात उभी होती. खरं सांगायचं तर तिला थोड्या गुदगुल्याच झाल्या. विरोध म्हणजे कुठल्यातरी मोठ्या कंपनीला आपली दखल घ्यावी लागली. पुण्याची असेल. कोइमतूरचीही असू शकेल.

"कोण आहे विरोधक?"

"कवडपेठ ग्रामसभा, तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "हे तुझंच गाव ना?"

"हो," दिव्यानी म्हणाली. "पण मॅडम, याच ग्रामसभेनं काल माझ्या सत्काराची तारीख ठरवलीय."

तो अर्ज ज्या यंत्रासाठी होता, त्याला कागदावर दोन ओळींचं नाव होतं. गावात त्याला झटक्या म्हणत.

कवडपेठेत निकेशची राइस मिल आहे आणि दिव्यानीची आई इंदुताई तिथं एकोणीस वर्षं कामाला. मिलमधून कोंड्याची बारीक धूळ पंख्यानं मागच्या बाजूला फेकली जाते. ती गावभर उडू नये म्हणून पंख्यासमोर कापड लावलेला बांबूचा टट्टा उभा केलेला असतो. धूळ टट्ट्यावर बसते, टट्टा तुंबतो, मग काठीनं बडवून तो मोकळा करायचा. बडवणारं माणूस म्हणजे इंदुताई. एम.एस्सी.ला असताना दिव्यानीनं एकदा घड्याळ लावून मोजलं होतं: टट्टा सरासरी अकरा मिनिटांनी तुंबतो, म्हणजे आठ तासांच्या पाळीत त्रेचाळीस वेळा. प्रत्येक वेळी झटकलेल्या धुळीतली थोडी पोत्यात पडायची आणि बाकीची इंदुताईंच्या नाकातोंडात जायची. सकाळी काळ्या भुवयांनी गेलेली आई संध्याकाळी पांढऱ्या भुवयांची होऊन परत यायची. भुवया धुतल्या की काळ्या व्हायच्या. खोकला धुतला जात नव्हता.

दिव्यानीच्या यंत्रात टट्टा तोच, कापड तेच. पण टट्टा तुंबत गेला की मागच्या हवेचा दाब वाढतो. तो पाण्याच्या नळीत चार सेंटीमीटर इतका झाला की एक झडप झटक्यात उघडते, तिला बांधलेलं वजन खाली येतं आणि चौकटीवर आदळतं. खटाक! धूळ बंद पोत्यात पडते, दाब उतरतो, झडप मिटते, वजन जाग्यावर जातं. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. आता झटका, हे कोंडाच यंत्राला सांगतो.

रीता मॅडमनी बजावलं होतं की अर्ज दाखल होईपर्यंत यंत्र कुणालाही दाखवायचं नाही. म्हणून तीन महिने दिव्यानीनं परसात आईच्या चार लुगड्यांचा आडोसा करून काम केलं. आतून दर अकरा मिनिटांनी खटाक असा आवाज येई. इंदुताईंची पोरगी पापड लाटायचं यंत्र करून राहिली आहे, असं गावाचं एक मत पडलं. तिला उंदरांनी फार छळलं आहे, असं दुसरं.

अर्ज दाखल झाल्यावर तिनं लुगडी काढली आणि गावाला बोलावलं. गाव आलं. ब्याऐंशी वर्षांचे लटारूबाबा अगदी पुढं बसले. तीनदा खटाक झालं. मग बाबांनी निकाल दिला, "ह्यात काय हाय? टट्टाच तं हाय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेरच्या माणसाला हा अपमान वाटला असता. कवडपेठेत ही कौतुकाची दुसरी पायरी होती. पहिली पायरी म्हणजे, "आपल्याकडं हे पयलेपासूनच हाय."

निकेशनं मात्र हात आखडता घेतला. मूल-पोंभुर्ण्याकडच्या एकोणचाळीस मिलवाल्यांची संघटना होती आणि तो तिचा सचिव. "पेटंट भेटू दे दिव्यानी, सप्पा मिलीत एकाच दिवशी लावतो," तो म्हणाला. "तोवर नाई. उद्या कोणी आलं आन् म्हटलं का हे आमचं हाय, तं एकोणचाळीस जनं कोर्टाच्या पायऱ्या चढू का?" तोवर त्रेचाळीस वेळा काठी.

मग पेटंट ऑफिसचं पहिलं पत्र आलं. परीक्षकानं शंका काढली होती, हे पूर्वी कुठं वापरात होतं का? अशी शंका ते सगळ्यांनाच विचारतात. दिव्यानीनं उत्तर लिहायला घेतलं आणि जेवताना आईला सहज सांगितलं. इंदुताईंनी दुसऱ्या दिवशी हातपंपावर धम्मदीपभाऊला सांगितलं, "ऑफिसवाले विचारून राह्यले का हे आदी होतं का म्हणून."

सांगायला नको होतं त्या एकाच माणसाला त्यांनी ते सांगितलं होतं.

धम्मदीप हा वनहक्क समितीचा सचिव. जंगलातल्या जमिनीवर हक्क सांगायचा तर तीन पिढ्यांची, पंच्याहत्तर वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते, आणि कवडपेठेतल्या बहुतेक घरांना ती सिद्ध करायची होती. धम्मदीपनं त्यात अकरा वर्षं घातली. म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या बांधांचे फोटो, पडक्या विहिरी, मशानातले दगड, सगळं त्यानं फाइलीत आणलं. गावाचा सामूहिक दावा जिंकला तेव्हा मोहर्लीपासून गडचांदूरपर्यंतच्या गावांतून लोक त्याची फाइल बघायला आले. काहींनी तिला हात लावून नमस्कार केला.

दिव्यानी ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत शिरली तेव्हा तो लोखंडी कपाटासमोर खुर्ची टाकून बसला होता. चेहऱ्यावर प्रसन्नता.

"ये ये. कळलं वाटते तुले. म्या म्हटलं होतं, पोट्टीले सांगू नोका, एकदम खुश करू."

"भाऊ, तुमी पाठवलं ते?"

"मंग कोण पाठवन? सरकार पुरावा मांगते आन् कवडपेठ गप बसते? आमाले?" त्यानं झेरॉक्स प्रत तिच्यापुढं सरकवली. "पाय. नऊ बुढ्यांचे जबाब. पंचनामा. नकाशा. ठरावावर दोनशे सोळा सह्या. आंगठे अलग."

दिव्यानीनं पान उलटलं. यंत्राची चतुःसीमा दिली होती. पूर्वेस निकेशची मिल, पश्चिमेस इंदुताईंचा संडास, उत्तरेस सरकारी हातपंप, दक्षिणेस खुशालचं धानाचं शेत. खाली अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हाच्या पुढं सहा आकडे. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. सहा आकडे म्हणजे अकरा सेंटीमीटर. झटक्याची जागा त्यानं ओंजळीएवढ्या अचूकतेनं नोंदवली होती. त्याच्याखाली लिहिलं होतं: *सदर यंत्र अर्जदाराच्या कुटुंबाच्या ताब्यात व वहिवाटीत तीन पिढ्यांपासून, म्हणजे किमान पंच्याहत्तर वर्षांपासून, अखंड व बिनतक्रार आहे.*

"भाऊ, हे यंत्र दीड वर्षाचं आहे."

"थे मले मायत हाय."

"मंग?"

"मंग काय? तू तारीख पाहून राह्यली, मी हक्क पाहून राह्यलो."

दिव्यानी खाली बसली. तिनं खूप सावकाश, पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं की पेटंटचा कायदा उलटा असतो. जे आधी कुठंच नव्हतं, त्यालाच पेटंट मिळतं. पूर्वापार चालत आलं आहे असं सिद्ध झालं की अर्ज संपला.

धम्मदीपनं ऐकून घेतलं.

"जे आदी नोयतं, त्याले हक्क?"

"हो."

"आन् जे पंच्याहत्तर वर्षांपासून हाय, त्याले?"

"काही नाही."

"हे कोन्तं सरकार?"

"हेच."

"दिल्लीचंच?"

"दिल्लीचंच."

"मंग त्याइनं एकदा आपसात बसून ठरवून घ्या लागते ना वो!" धम्मदीपचा आवाज चढला. "इथी अकरा वर्षं म्या लोकायले सांगत फिरलो का नवीन काई बोलू नोका, सप्पा जुनं सांगा!"

"भाऊ, तुम्ही विरोध मागे घ्या. ग्रामसभेनं लिहून द्यावं की जबाब चुकीचे होते."

आता त्याचा चेहरा उतरला. त्यानं उठून कपाट उघडलं. आत फायलींच्या थप्प्या होत्या, लाल फडक्यात बांधलेल्या.

"एक्कावन्न घरांचे दावे अजून वरत पडून हायेत. त्याच्यात जबाब कोणाचे? ह्याच नऊ बुढ्यांचे. आज लिहून देल्लं का ह्याइचे जबाब चुकले, तं उद्या वरचा साहेब काय म्हणन? कवडपेठचे बुढे लिहून देतेत आन् मंग फिरतेत." तो तिच्याकडं वळला. "तुह्या एका मशीनसाठी मी एक्कावन्न घरांच्या जमिनी घालू? तू सांग. घाल म्हण, घालतो."

त्या एक्कावन्न घरांत दिव्यानीच्या मामाचंही घर होतं.

"विरोध मागे घेतला तरी उपयोग नव्हताच," त्या संध्याकाळी रीता मॅडम फोनवर म्हणाल्या. "कागद फाइलीत गेला. वाचलेलं अधिकाऱ्याला न वाचल्यासारखं करता येत नाही. बारा दिवसांनी सुनावणी आहे, व्हिडिओवर. आठ जबाब किरकोळ आहेत, सगळे ऐकीव. पण हा लटारूंचा बघ. 'टट्टा होता. कोंडा टट्ट्यावर अडत होता. झटकला की पोत्यात पडत होता.' तीन वाक्यांत या माणसानं तुझं अख्खं यंत्र सांगितलंय. मी चौदा पानं लिहिली होती."

"ते खोटं बोलत असतील का?"

"मी भेटलेले नाही. तू भेट. पण एक लक्षात ठेव, पढवायचं नाही. पढवलेला साक्षीदार तिसऱ्या वाक्याला कळतो."

लटारूबाबा पडवीत बसून कोयत्यानं बांबूच्या कांबी काढत होते. दिव्यानी समोर बसली.

"बाबा, टट्ट्याचा जबाब तुमी खरा देल्ला का?"

कोयता थांबला. "माह्या जबाबावर तीन तहसीलदार बदलून गेले. एकानंबी खोटा म्हटला नाई."

"तसं नाई बाबा..."

"सावकाराचा धान भरडाचा हलर होता. मी सात-आठ वर्षांचा होतो. टट्टा होता, म्या माह्या डोयानं पायला. आता तुह्यासाठी म्हणू का नोयता? धम्मा म्हणते जबाब बदलू नोको, तू म्हणते बदल. तुमचंच पयले ठरवा. मले खरं बोलाची सवय हाय, बुढापकाळी नवीन सवय लागत नाई."

ती उठली. म्हातारा खरं बोलत होता, हे तिला त्याच्या हातांवरून कळलं. खोटं बोलणाऱ्याची कांब इतकी एकसारखी निघत नाही. म्हणजे पंच्याहत्तर वर्षांपूर्वी टट्टा होता. म्हणजे अर्ज संपला. घरी येऊन तिनं सत्काराला नको म्हणून सांगितलं. गाव म्हणालं, पोट्टी किती विनयशील!

सुनावणीच्या दिवशी ग्रामपंचायतीचं सभागृह अकरा वाजताच भरलं. कुणी बोलावलं नव्हतं. पण मुंबईचा साहेब कवडपेठेला प्रश्न विचारणार ही बातमी अशी नव्हती की जिच्यासाठी कुणी घरी थांबेल. सभागृहात नेटवर्क फक्त खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात येतं, म्हणून लॅपटॉप तिथं स्टुलावर, स्टुलाखाली चार विटा. शेजारी झटक्या, त्याच्यामागं छोटा पंखा आणि कोंड्याचं घमेलं. कोंडा पंख्यासमोर ओतायचं काम सरपंच सत्यशीलाबाईंनी स्वतःकडं घेतलं होतं.

"कोणी बोलाचं नाई," धम्मदीपनं बजावलं. "खोकलाचंबी नाई. साहेबानं विचारलं तरच."

पडद्यावर साहेब उगवले. पन्नाशीचे, चष्म्याचे, दिवसातली चौथी सुनावणी असावी असा चेहरा. एका चौकटीत नागपूरहून रीता मॅडम. आणि तिसऱ्या चौकटीत मिळून कवडपेठ, अंदाजे एकशे साठ माणसं.

"अर्जदार कोण?" साहेबांनी विचारलं.

दिव्यानीनं हात वर केला.

"आणि विरोधक?"

एकशे एकोणसाठ हात वर झाले. इंदुताईंचाही झाला, मग त्यांनी तो खाली घेतला. तोवर साहेबांनी चष्मा काढून पुसला होता.

"विरोधक अर्जदाराच्या मागेच बसलेत?"

"साहेब, आमचा विरोध प्रेमाचा हाय," धम्मदीप उभं राहून म्हणाला.

"कायद्यात तसा प्रकार नाही." पण साहेबांच्या चेहऱ्यावरचा शीण थोडा उतरल्यासारखा वाटला. "मी साताऱ्याकडचा आहे, मराठीतच बोला. तुम्ही नऊ जबाब जोडलेत. यातले लटारू हजर आहेत?"

लटारूबाबा स्टुलासमोर येऊन बसले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. वनहक्काच्या चौकशीला ते हाच फेटा घालत.

"बाबा, तुम्ही म्हणता टट्टा होता."

"होता."

"कोंडा त्याच्यावर अडायचा."

"अडे."

"झटकला की पोत्यात पडायचा."

"पडे."

"आणि हे समोरचं यंत्र. यात आणि त्या टट्ट्यात तुम्हाला फरक काय दिसतो?"

बाबांनी झटक्याकडं पाहिलं. मान तिरपी केली, पुन्हा सरळ केली.

"काईच नाई," ते म्हणाले. "टट्टाच तं हाय!"

आणि गावानं टाळ्या वाजवल्या. कौतुकच होतं ते. रीता मॅडमनी आपल्या चौकटीत डोळे मिटून घेतले. साहेब काहीतरी लिहू लागले. त्यांचं पेन चाललेलं दिव्यानीला दिसत होतं. दीड वर्षं, चार लुगडी, चार सेंटीमीटर पाणी.

तिनं आईकडं पाहिलं. इंदुताई दाराशी उभ्या होत्या. निकेशनं अर्ध्या तासाची सुट्टी दिली होती, त्यामुळे त्या मिलमधून तशाच आल्या होत्या. भुवया पांढऱ्या. हातात काठी, ठेवायचं भान राहिलं नसेल.

काठी.

प्रयोगवहीत दिव्यानी प्रत्येक वाचनाखाली लिहायची, हे कुणी मोजलं, कशानं मोजलं. बाबांच्या जबाबात तिनं ते विचारलंच नव्हतं. झटकला की पडत होता. *झटकला.* कुणी?

"साहेब, मी एक प्रश्न विचारू का बाबांना?"

पेन थांबलं. "विचारा."

"बाबा, तो टट्टा झटकत कोण होतं?"

लटारूबाबा तिच्याकडं बघत राहिले. प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "माय."

"तुमची माय?"

"मंग कोणाची? मी भात घेऊन जाओ तिचा. एका हातानं भात खाये, दुसऱ्या हातानं काठी मारे. थांबली का टट्टा तुंबे, तुंबला का सावकार चिल्लाये. भातावर कोंडा पडे. मले वाटे मायच्या भाताले तिखट कमी, कोंडाच जास्त." त्यांनी फेट्याचं टोक सारखं केलं. "खोकून खोकून गेली ते."

सत्यशीलाबाईंचं ओतायचं भांडं हातातच राहिलं होतं. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी कोंडा ओतला.

"टट्टा आपोआप नव्हता झटकत?" दिव्यानीनं विचारलं.

"आपोआप?" लटारूबाबा चिडले. इतकी शिकलेली पोरगी आणि हे विचारते. "टट्टा आपोआप कसा झटकन वो? टट्ट्याले का अक्कल हाय?"

खटाक!

यंत्रानं वजन टाकलं. धूळ पोत्यात बसली. साहेब खुर्चीत पुढं सरकले. लटारूबाबाही वळले. त्यांनी झटक्याकडं पाहिलं, मग कुणाच्या हातात काठी आहे ते शोधलं. काठी दाराशी होती, यंत्रापासून वीस फुटांवर.

"आणि याला?" साहेबांनी विचारलं. "याला अक्कल आहे?"

बाबांनी पुन्हा यंत्राकडं निरखून पाहिलं. कायद्यापुढं खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि पूर्वजांपेक्षा एखादी वस्तू वरचढ आहे असं म्हणायचीही नव्हती. आज दोन्ही सवयी एकाच दारातून बाहेर पडू बघत होत्या.

"हाय ना बापा," शेवटी ते म्हणाले. "ह्याले समजते कवा झटकाचं. थे टट्ट्याले नोयतं समजत."

"म्हणजे फरक आहे."

"हाय." मग कुरकुरत, "गंज फरक हाय."

साहेब म्हणाले, "विरोधकांच्या प्रतिनिधींना शेवटचा प्रश्न. पंच्याहत्तर वर्षांत गावात कुणी असं आपोआप झटकणारं काही केलं होतं? किंवा करायचा प्रयत्न?"

धम्मदीप उभा राहिला. त्याच्या तोंडात उत्तर तयार होतं, अकरा वर्षं तयार होतं. होय साहेब, पूर्वापार. दिव्यानीला ते त्याच्या गळ्यात वर येताना दिसलं. त्यानं एकदा कपाटाच्या खोलीकडं पाहिलं आणि एकदा इंदुताईंच्या भुवयांकडं.

"साहेब, जबाब आमी वापस घेऊन नाई राह्यलो. लिहून घ्या. जबाब खरा हाय, बुढे खरे हायेत. टट्टा होता." त्यानं झटक्याकडं बोट केलं. "पन् हे नोयतं. कोणालेच नाई सुचलं. तीन पिढ्यांत नाई."

कवडपेठेकडं एखादी गोष्ट नव्हती असं कवडपेठेच्या माणसानं सरकारपुढं मान्य करण्याची ही पहिलीच वेळ असावी. मागून कुणीतरी "अर्रर्र" म्हणालं.

"आमचं म्हणणं एवढंच आहे," रीता मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे आता चांगले उघडे होते. "गरज पंच्याहत्तर वर्षांची आहे. उपाय दीड वर्षाचा आहे. आणि याचा पुरावा आम्हाला गोळा करावा लागला नाही, विरोधकांनीच जोडला. अक्षांश-रेखांशासह."

दोन महिन्यांनी आदेश आला. धम्मदीपनं तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला. पेटंट मंजूर झालं होतं. पण सहाव्या परिच्छेदाशी तो अडखळला. तिथं लिहिलं होतं की विरोधकांच्याच पुराव्यानुसार या गावात ही अडचण किमान पंच्याहत्तर वर्षं रोज डोळ्यांसमोर होती, तरीही तीन पिढ्यांत कोणालाही हा उपाय सुचला नाही. यावरून तो सहज सुचण्याजोगा नाही हे सिद्ध होते.

"म्हंजे सरकारनं लिहून देल्लं का आमच्या तीन पिढ्या बह्याड?" खुशालनं विचारलं.

"तसंच दिसते," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

गलका झाला. सहाव्या परिच्छेदाविरुद्ध निवेदन द्यावं असा ठराव पुढं आला. दोघांनी अनुमोदनही दिलं. धम्मदीपनं सवयीनं पेनाचं टोपण काढलं.

"राहू दे," लटारूबाबा म्हणाले.

"बाबा, तुमच्या आज्याचा अपमान हाय!"

"खरं हाय थे. माय बडवून राह्यली होती आन् मी उभा राहून पाहून राह्यलो होतो. रोज पायलं. मले नाई सुचलं." ते गुडघ्यावर हात टेकत उठले. "मले सुचलं असतं तं बरं झालं असतं. पन् नाई सुचलं. लिहू दे त्याले."

निकेशनं शब्द पाळला. एकोणचाळीस मिलींपैकी पहिला झटक्या कवडपेठेत बसला, नारळ लटारूबाबांनी फोडला. पहिल्या दिवशी इंदुताई सवयीनं काठी घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. खटाक झालं की त्यांचा हात अर्धा उठायचा आणि खाली यायचा. दुपारपर्यंत हात उठायचा थांबला. मग निकेशनं त्यांना पोती मोजायला बसवलं. संध्याकाळी त्या काळ्या भुवयांनी घरी आल्या आणि आरशात बघून म्हणाल्या, "मी तं अजून बुढी झालीच नोयती वो!"

त्याच आठवड्यात धम्मदीप दिव्यानीच्या अंगणात आला. काखेत नवी कोरी फाइल, लाल फडक्यात.

"आता नवीन काय करून राह्यली?"

"पाण्यातलं फ्लोराइड काढायचं काहीतरी बघतेय भाऊ. अजून नक्की नाही."

"नक्की झालं का पयले मले सांगजो. पेटंटवाल्याले पाठवत नाई, घाबरू नोको." त्यानं फाइल उघडून कोरं पान काढलं, वरच्या कोपऱ्यात आजची तारीख टाकली. "पन् चार लोकायचे जबाब आजच घेऊन ठेवतो. पंच्याहत्तर वर्षांनी कोणी पुरावा मांगला तं?"

आणि त्यानं अंगणाच्या मधोमध उभं राहून मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश घ्यायला सुरुवात केली.